सेठच्या नावाची मूठ

जाऊ जावेचं चांगलं बोलली म्हणजे ते खरंच समजायचं, कारण खोटं कौतुक करायची आमच्यात रीतच नाही. नूतनदीदी माझी मोठी जाऊ, मी गीता, धाकटी. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमचं एकच अंगण आहे. दोन चुली, एक नळ अन् एक सासू. सासूबाईचं नाव शेवंताबाई. ती आलटून पालटून दोघींकडे जेवते, अन् जिच्याकडे जेवते तिच्या भाजीले नाव ठेवते. दीदीचा नवरा प्रेमलाल, म्हणजे माझे भासरे, बस स्टँडवर ऑटो चालवतात. पोरगी श्रुतिका गोंदियाले नर्सिंग शिकते. दीदी घरी ब्लाउज शिवते. तिच्यासारखा गळा आमच्या वार्डात कोणी कापत नाही. ब्लाउजचा म्हणते मी. तशी ती दुसराही कापते, पण तो भाजीवालीचा.

गुजरीत, म्हणजे आमच्या भाजीबाजारात, दीदी सांजच्याला जाते, बाया टोपल्या आवरून राहतात तेव्हा. सकाळची भाजी ताजी, संध्याकाळची स्वस्त, अन् पोटात गेल्यावर दोन्ही सारख्याच, असं तिचं शास्त्र. तिले दुरून पाहूनच भाजीवाल्या टोपलीवर पोतं ओढतात. तरी ती बसते. टमाटे निवडते, भाव पाडते, पैसे देते, अन् उठता उठता सांबाराची जुडी, म्हणजे कोथिंबीर, फुकट उचलते. एकदा मी सोबत गेलती. लाजेनं मी शेजारच्या कांद्यांकडे पाहत उभी राह्यली.

घरातही तेच. वरणाले एक उकळी आली का गॅस बंद. "बाकीचं झाकणाखाली शिजते, त्याले कुठं गाडी पकडायची आहे?" टूथपेस्टची ट्यूब मधातून कापायची, पण ब्लाउजच्या कैचीनं नाही, कारण तिची धार गेली तर धार लावायले पैसे लागतात. पाहुणा आला का विचारणार, "चहात दूध घेता का?" असं विचारल्यावर कोणता पाहुणा हौ म्हणन? अन् फ्रिज तर तिनं विकूनच टाकला. "दोन घरं, एक अंगण, दोन फ्रिज कायले?" तवापासून तिचं दही माझ्या फ्रिजमध्ये राहते. लाइट बिल माझं, बचत तिची. मी काही बोलली का म्हणते, "गीता, तुह्या फ्रिजमध्ये जागा रिकामीच राहते ना, वाया जाते."

भासऱ्यांची तर मले दयाच येते. त्यांच्या ऑटोत पैसे देण्यासाठी जे स्कॅनचं स्टिकर लावलं आहे ना, ते दीदीच्या खात्याचं. सवारी तिकडे स्टेशनवर उतरते अन् पैसे इकडे शिलाई मशीनीजवळ वाजतात. नोटा देणाऱ्या सवाऱ्या आता राह्यल्या किती? त्याच्यात डिझेल भरा, का पानठेल्यावर जा? भासऱ्यांचा खर्रा सुटला तो असा. ज्याले माहीत नसेल त्याच्यासाठी सांगते, सुपारी, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात भरायचा, त्याले आम्ही खर्रा म्हणतो, अन् आमच्याकडे काही माणसं भाकरीशिवाय राहतात पण खर्र्याशिवाय नाही. भासरे एकदा चिडले. "मी कमावतो अन् मलेच मागाव लागते का?"

दीदीनं मशीनीवरून मानही वर केली नाही. "कोंबड्या कोणी कमावल्या होत्या?" तिनं विचारलं.

कोंबड्यांचं सांगाव लागन. तीन-चार वर्षांआधी भासऱ्यांच्या डोक्यात कडकनाथ शिरला. कडकनाथ म्हणजे ती काळी कोंबडी. पंख काळे, चोच काळी, आतून मासही काळं, अन् भाव भल्ला. मोबाइलवर कोण्या माणसानं त्यांना सांगितलं का वर्षभरात लखपती. झालं! भासऱ्यांनी घनश्याम सेठकडून पैसा उचलला. सेठचं भांड्याचं दुकान आहे, पण भांडी नावाले. खरा धंदा व्याजाचा. ऑटोचं कार्ड, म्हणजे गाडी कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारं, सेठनं तिजोरीत ठेवून घेतलं. मागच्या अंगणात जाळीचं घर उभं राह्यलं, पिल्लं आली. त्यातली निम्मी रोगानं गेली, काही मांजरीनं नेली, अन् उरली ती नातेवाइकांनी नेली. "एक चाखून त पाहू दे, प्रेमलाल," म्हणत लांजीपासून सारे चाखून गेले. माझ्या माहेरचेही होते त्यात, खोटं कायले बोलू. कोंबड्या काळ्या होत्या, पण तोंड काळं झालं ते आमचं.

सेठनं स्टँप पेपरवर लिहून घेतलं होतं का अमुक दिवाळीपर्यंत मुद्दल अन् व्याज फिटलं नाही तर ऑटो त्याचा. ती दिवाळी म्हणजे यंदाची. ऑटो गेला असता तर भासरे काय करते? पन्नाशीत माणूस हमाली शिकत नाही. दीदीची सारी काटकसर त्या एका कार्डासाठी होती, हे आम्हाले माहीत होतं. माहीत असूनही हसत होतो. हसल्याशिवाय माणूस अशा घरात राहीन कसं?

आता मुठीची गोष्ट.

सकाळी भाताचे तांदूळ धुवायच्या आधी दीदी त्यातून एक मूठ काढते, कपाळाले लावते, "हे सेठचं" म्हणते, अन् वेगळ्या डब्यात टाकते. तांदूळ तिच्या माहेरचे, किरनापूरचे. भाऊ दरवर्षी बहिणीचा वाटा म्हणून चिन्नोरचं पोतं धाडते, असा वासाचा तांदूळ का शिजला तर गल्लीले समजते. महिना सरला का डब्यातला तांदूळ किराण्यात जाते अन् त्याचा पैसा सेठच्या हप्त्यात. नाव घेऊन मूठ काढायची रीत सासूबाईची. ती महाराष्ट्रातल्या आमगावकडची, अजूनही हिंदी म्हटली का कानावर हात ठेवते. तिनं दीदीले शिकवलं, "नुसती काढलेली मूठ टिकत नाही वो. कोणी पाहुणा आला का तीच शिजते. नाव घेतलं का ती परक्याची झाली. परक्याच्या वस्तूले आपला हात जात नाही."

हे दीदीले इतकं पटलं का तिनं साऱ्याच गोष्टीले मूठ करून टाकली. भासऱ्यांनी खर्रा खाल्ला नाही, ती खर्र्याची मूठ. पायी गेली, ती भाड्याची मूठ. श्रुतिका गोंदियाहून फोन करते तर पहिले हेच विचारते, "आई, सेठची मूठ काढली का?" गल्लीत आमच्या घरातून रोज हाच आवाज जायचा. कोणाले त्याचं काही वाटत नव्हतं, कारण आमच्या गल्लीत म्हातारे लोक मराठीच बोलतात.

पण बस स्टँड हिंदी बोलते ना!

गणपती उठले होते. भासरे सवारीची वाट पाहत तेजरामच्या पानठेल्याजवळ उभे. तेजरामले दया आली. त्यानं ताजा खर्रा घोटला अन् पुढे केला. "ले भाई, आज मेरी तरफ से." आता फुकटचा होता, घेऊन टाकायचा! पण भासऱ्यांना त्या दिवशी बायकोचा पुळका आला. ते म्हणाले, "नहीं यार. घरवाली रोज सुबह सेठ के नाम की मूठ निकालती है, और मैं यहाँ खर्रा खाऊँ?"

बस. एवढंच बोलले. सारं वाक्य हिंदी, मधात एक शब्द मराठी, अन् तोच नेमका नडला. आपल्या मराठीत मूठ म्हणजे हाताची मूठ, तांदळाची मूठ. करणीचीही असते, पण ती मारली म्हणून सांगाव लागते. हिंदीत हाताची ती मुट्ठी. अन् मूठ? मूठ एकच. करणीची. ज्याच्या नावानं सोडली तो रक्त ओकते म्हणतात. मुट्ठी म्हणाले असते तर काही झालं नसतं. पण आमच्या भासऱ्यांचं सारं आयुष्य असंच, कोंबडी असो का शब्द, नेमकं चुकीचंच आणतील.

तेजरामनं तो खर्रा तसाच खाली ठेवला. संध्याकाळी त्यानं बायकोले सांगितलं. अन् तेजरामच्या बायकोच्या पोटात तर साधं पाणीही टिकत नाही, ही एवढी मोठी गोष्ट कुठून टिकन? दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आमच्या दारात. तिनं दिवाळीसाठी जरीचं कापड शिवायले टाकलं होतं.

"राहू दे नूतन, घाई नाही. कापड वापस दे."

"काहून? दिवाळीत घालणार होती ना?"

"जुनंच घालीन."

कापड घेतलं, पाणी दिलं तर गिलासाले हातही लावला नाही, अन् उलट्या पावली गेली. मग दुसरी आली, मग तिसरी. कोणाची नणंद परस्पर शिवून आणणार होती, कोणाले साडीच आवडली नव्हती. दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा आमच्या ओसरीत बायांची रांग असते, तेव्हा दीदीची मशीन झाकून ठेवलेली. आम्हाले काहीच समजेना.

अन् गंमत अशी का त्याच वेळेले गुजरीत दीदीचा भाव वाढला. ती टोपलीपुढे बसायचा अवकाश, भाजीवाली म्हणणार, "लो बाई, जो देना है दे दो." सांबार मागायच्या आधी पिशवीत. वरून मिरच्या, वरून अद्रक. दीदी घरी येऊन मले ऐकवायची, "पाह्यलं का गीता? बोलता आलं पाहिजे. तुले नाही जमत." मी मनातून जळत होती. मलेही वाटलं, खरंच बाप्पा, बाईच्या जिभेत काही आहे.

एक दिवस मी एकटी गेली अन् भाजीवालीले म्हटलं, मले पण द्या ना असंच. तिनं इकडे तिकडे पाह्यलं अन् कानाशी येऊन म्हणाली, "तुम तो उसी घर की हो. बोलना उसको, हम गरीब पर नज़र न रखे. टोनही का क्या भरोसा." टोनही म्हणजे करणी करणारी बाई. हा शब्द आमच्याकडे हसण्यावारी नेत नाहीत. या एका शब्दापायी बायांना गाव सोडाव लागलेलं आहे. मी भाजी न घेताच परत फिरली.

घरी येऊन मी दीदीले सारं सांगितलं. ती ऐकत राह्यली. मग तिनं सूप ओढलं अन् तांदूळ निवडायले बसली. त्यातच रडली. रडतानाही बाई अशी का पदराचं एकच टोक भिजवलं, दुसरं कोरडं ठेवलं. मी तिले तेवढंच म्हटलं तर ती रडता रडता हसली अन् मग आणखीच रडली. "मी कोणाचं काय घेतलं गीता?" म्हणे. "भाजीवालीचा सांबारच घेतला ना?" दुसऱ्या दिवशी ती गुजरीत गेली अन् आजवर फुकट आलेल्या साऱ्या सांबाराचे, मिरच्यांचे, अद्रकाचे पैसे टोपल्या-टोपल्यांवर ठेवून आली. त्याचा उलटाच परिणाम झाला. बाया म्हणाल्या, पैशाले हात लावू नका, मंतरलेले असतील.

भासरे तर जमिनीत गेल्यासारखे झाले. चार माणसांना धरून धरून समजावत फिरले, पण नवरा बायकोची बाजू घेणारच, असं म्हणून लोक मान हलवायचे. इकडे हिशेब साफ होता. दिवाळीची शिलाई आली नाही तर शेवटचा हप्ता भरणार नव्हता. इतक्या वर्षांची काटकसर एका हप्त्यासाठी बुडणार, अन् ऑटो जाणार.

दसरा झाला. एका दुपारी मी दीदीचं दही तिले द्यायले गेलती, तेवढ्यात अंगणात स्कूटी थांबली. घनश्याम सेठ! गाल सुजलेला, गळ्यात काळा धागा, अन् हातात नारळ. वसुलीवाला नारळ घेऊन येते हे मी पयल्यांदाच पाह्यलं. त्याची दाढ किडली होती, सारा बाजार जाणत होता. डॉक्टर काढा म्हणून राह्यला होता. पण त्याच आठवड्यात दुकानातला नोकर पळाला, स्कूटी घसरली, अन् त्याच्या कानावर मुठीची खबर आली. सेठ दाढेच्या डॉक्टरकडे न जाता उकवा गावच्या एका झाडफूकवाल्याकडे गेला. त्यानं पाण्यात पाहून सांगितलं, मूठ आहे, अन् तांदळाची आहे. वा रे पाणी! तांदळाच्या जिल्ह्यात दुसरं काय दिसन?

सेठनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या अन् तिथंच हात जोडून उभा राह्यला.

"नूतनबाई, जो हुआ सो हुआ. ब्याज माफ. पूरा माफ. मूलधन जब बने तब देना. गाड़ी का कार्ड भी साथ लाया हूँ." त्यानं खिशातून कार्ड काढून दाखवलं. "बस, मेरे नाम की मूठ वापस ले लो."

देव असा दारात येते का हो कधी? मी दीदीचा पाय जोरात दाबला. काही बोलू नका, नुसती मान हलवा, असा त्याचा अर्थ. भासरे खाटेवर होते, ते अर्धे उठून अर्धेच राह्यले. त्यांची नजर त्या कार्डावरून हलेना.

पण आमच्या घरात एक सासू आहे. ती कोपऱ्यात डाळ निवडून राह्यली होती, अन् तिले साऱ्या बोलण्यातून दोनच शब्द समजले. मूठ अन् वापस. ती ताडकन उठली. "वापस? वापस कायले घेऊ आम्ही?" आत गेली, अन् तांदळाचा डबा छातीशी धरून बाहेर आली. "तुह्याच नावाची हाय बापू! रोज काढली, एक दिवस चुकवली नाही. घे, घेऊन जाय!"

सेठ मागे सरला. सासूबाई पुढे गेली. "अम्मा, दूर से! दूर से!" सेठ ओरडला. "अरे, हात लावून त पाह!" म्हणत सासूबाईनं झाकण काढलं. सेठची पाठ तुळशीले लागली, नारळ हातातून सुटून नाल्यात गेला, अन् मी तोंडात पदर कोंबून खाली बसली. हसू की रडू, तेच समजेना.

दीदी हसली नाही. तिनं सासूबाईच्या हातून डबा घेतला अन् सेठच्या पायाशी ठेवला.

"सेठ, मूठ नाही. मुट्ठी," ती म्हणाली. "चावल की मुट्ठी. तुमचे पैसे फेडायले रोज एक मुट्ठी चावल अलग काढते मी. तुमचं नाव यासाठी घेते का घरातल्या कोणी त्याले हात लावू नये. यांनी बस स्टँडवर हिंदी बोलताना शब्द चुकवला. करणी-बिरणी काही नाही."

गेलं! मी कपाळावर हात मारला. सारं व्याज गेलं, कार्ड गेलं, हातातोंडाशी आलेला घास गेला. खरं बोलायले एवढी कायची घाई होती? उद्या सांगितलं असतं, कार्ड हातात आल्यावर!

सेठले पटेना. तो डब्याकडे पाहू राह्यला. शेवटी सासूबाईले काहीतरी उमगलं. तिनं मूठभर कच्चे तांदूळ उचलले, तोंडात टाकले अन् सेठकडे पाहत उरल्यासुरल्या दातांनी चावत बसली. "चिन्नोर हाय," तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली. सेठ वाकला. वास घेतला. दोन दाणे जिभेवर ठेवले. मग गाल धरून हसत सुटला, इतका का डोळ्यात पाणी आलं. "मुट्ठी! हे भगवान, मुट्ठी!" हसणं संपलं तसा तो सरळ उभा राह्यला, शर्ट झटकला, अन् आमच्या डोळ्यांसमोर माणसाचा परत सेठ झाला. कार्ड खिशात गेलं.

"तो फिर ब्याज तो, नूतनबाई..."

"पूरा घ्या," दीदी म्हणाली. "एक रुपया सोडू नका. पण माझं एक काम करा. तेजरामच्या ठेल्यावर जा, अन् जे आता इथं पाह्यलं ते चार लोकांत जोरानं सांगा. माझ्या तोंडून कोणी ऐकत नाही."

तो गेल्यावर मी फुटली. "दीदी, तुम्हाले झालं तरी काय? सांबाराच्या काडीसाठी अर्धा तास भांडता, अन् दारात चालत आलेलं व्याज लाथाडता? एवढी मोठी सूट!"

"सूट घेतली असती तर तो काय सांगत फिरला असता?" ती शांतपणे म्हणाली. "मूठ उतरवायले एवढा पैसा लागला, हेच ना? मग मूठ खरी झाली असती, गीता. आज आपण हसलो असतो, उद्या श्रुतिकाले पाहायले आलेले पाहुणे मले पाहून परत गेले असते. टोनहीची पोरगी म्हणून. एवढी महाग सूट मले परवडत नाही."

तरी आजही सांगते, मी असती तर घेतली असती. म्हणूनच मी धाकटी अन् ती मोठी, असं सासूबाई म्हणते, अन् मले तिचा राग येते.

दीदीनं सांगितलेलं काम सेठनं मात्र केलं. ठेल्यावर गेला, खर्रा घेतला, अन् अर्ध्या बस स्टँडले ऐकू जाईल असं सांगितलं. "मैंने खुद खाया, चिन्नोर है," म्हणे. झाडफूकवाल्याले किती दिले ते तेवढं सांगितलं नाही. तेजराम खाली मान घालून सुपारी कातरत राह्यला. लोक हसले, पण बाया लगेच आल्या नाहीत. नाव खराब व्हायले एक न खाल्लेला खर्रा पुरला, चांगलं व्हायले वेळ लागला. पयले एक कॉलेजची पोरगी आली, तिले दुसरीकडे कोणी वेळेवर शिवून देईना. तिचं ब्लाउज पाहून तिची मावशी आली. मग दिवाळी जवळ येत गेली तशी भीती दूर जात गेली, कारण बाईले भूत चालते, पण सणाच्या दिवशी मापात न बसणारं ब्लाउज चालत नाही.

मग काय! दीदी कापते, शिवते, मी हुक लावते, काज करते. माझ्या बोटांची चाळणी झाली. मजुरी मागितली तर म्हणते, "घरच्याच घरात कायची मजुरी?" भासरे ऑटो लावून आले का इस्त्री करायले बसायचे. एक ब्लाउज त्यांनी जाळलं. ते कोणाचं होतं हे सांगत नाही, तिले अजून वाटते का कपड्यातच खोट होती.

धनतेरसले आम्ही सारे सेठच्या दुकानात गेलो. दीदीनं पैसे ठेवले, मुद्दल अन् पूरं व्याज. सेठनं मोजले, स्टँप पेपर फाडला, कार्ड भासऱ्यांच्या हातात दिलं. भासरे ते उलटंपालटं करून पाहू राह्यले अन् भरबाजारात, भांड्यांच्या मधात उभं राहून रडायले लागले. मीही रडली. खूप बरं वाटलं, सांगता येत नाही इतकं. सेठनं सणाचा मान म्हणून दीदीले एक पळी दिली. दीदीनं ती उजेडात धरली. "दांडा वाकडा आहे. बदलून द्या," म्हणाली. बदलून घेतली, तेव्हाच उठली.

सगळ्यात शेवटी आली ती तेजरामची बायको. तिच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. ओसरीत बसल्या बसल्याच सुरू झाली, "मी कुठं काही म्हटलं होतं वो? लोकच बोलत होते. मी त सांगत होती, नूतन तशी नाही." दीदी हौ-हौ करत माप घेत राह्यली. खांदा, बाही, कंबर. सारं घेऊन झालं, मग भाव सांगितला.

तेजरामची बायको चमकली. "साऱ्यांकडून तू कमी घेते. माझ्याकडूनच हे वरचे पन्नास कशाचे?"

"व्याज," दीदी म्हणाली, अन् कापड मशीनीवर ठेवून घेतलं.